परवाना कोणाच्या नावे?

बंगळूरच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी अम्मेच्या देवळावरून तिला हे नाव मिळाले. हे देऊळ १९१५ सालचे. परंतु देवी मूळची बदामीजवळची, आणि महाराष्ट्रातील व सीमाभागातील कितीतरी घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. बंगळूरच्या देवळाची एक प्रथा मोठी विलक्षण आहे. राहुकाळ अशुभ म्हणून आपण एरव्ही टाळतो. येथे मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी नेमक्या राहुकाळीच भाविकांची गर्दी लोटते. लिंबू मधोमध कापायचे, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून तिची पणती करायची आणि देवीपुढे लावायची. आंबट रस निथळून जावा आणि उजेड तेवढा उरावा, अशीच जणू ही प्रार्थना असते.

आजार, लग्न, संतती यांची गाऱ्हाणी देवापुढे पूर्वापार घातली जात आली आहेत. अलीकडच्या काळात त्यांत एका नव्या मागण्याची भर पडली आहे, आणि ते म्हणजे परदेशच्या नोकरीचा व्हिसा. हैदराबादजवळच्या चिलकूरचा बालाजी तर लोकांच्या तोंडी ‘व्हिसा बालाजी’ या नावानेच रूढ झाला आहे. बनशंकरीच्या आसपास अभियांत्रिकीची नामांकित विद्यालये आहेत, गावात संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत, आणि पुण्या-कोल्हापुराकडून, सोलापुराकडून, बेळगावाकडून येथे आलेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांना बंगळूर हा पुष्कळदा शेवटचा मुक्काम वाटत नाही. पुढच्या प्रवासाचे ते एक स्थानक असते. देवापाशी काय मागावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. तथापि, जे मागितले ते नेमके काय आहे, हे मागणाऱ्याला ठाऊक असलेले बरे. सरकारी कचेरीत कागद तपासण्यात ज्याच्या आयुष्याचा बराच भाग गेला, अशा माझ्यासारख्याला कोणत्याही परवान्याबाबत प्रथम एकच प्रश्न सुचतो: हा परवाना कोणाच्या नावे आहे?

परदेशी जाणाऱ्याच्या हाती दोन कागद असतात, आणि बोलण्याच्या ओघात आपण त्यांची गल्लत करतो. पासपोर्ट आपले सरकार देते. व्हिसा परके सरकार देते. पहिल्यावर आपला हक्क आहे, आणि हा हक्कसुद्धा फार जुना नव्हे. १९६७ पूर्वी पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी संसदेने पासपोर्टविषयीचा कायदा केला, आणि १९७८ मधील मेनका गांधी खटल्याच्या निकालाने त्या हक्काला अधिक बळकटी आली. व्हिसाची गोष्ट निराळी. घराबाहेर पडण्याचा हक्क मला आहे. शेजाऱ्याच्या घरात शिरण्याचा नाही. शेजारी दार उघडतो ते त्याच्या गरजेप्रमाणे, त्याच्या अटींवर, आणि त्या अटी तो वाटेल तेव्हा बदलू शकतो.

कुशल माणसासाठी निराळे दार ठेवण्याची कल्पना आजची नाही. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातील नागरिक ब्रिटनमध्ये जवळजवळ मुक्तपणे जाऊ शकत. त्या वर्षीच्या कायद्याने ही मोकळीक संपली आणि कामासाठी जाणाऱ्यांना व्हाउचर घेणे भाग पडले. या व्हाउचरांचे तीन वर्ग होते. ‘अ’ वर्गाचे व्हाउचर ज्याला ब्रिटनमधील एखाद्या ठरावीक मालकाने ठरावीक नोकरी देऊ केली आहे त्याला मिळे. ‘ब’ वर्गाचे व्हाउचर ज्याच्या अंगी तेथे उपयोगी पडणारी विद्या किंवा कसब आहे, अशा डॉक्टर, शिक्षक, अभियंता यांसारख्यांना मिळे. त्यासाठी नोकरी आधी हाती असण्याची आवश्यकता नसे. ‘क’ वर्ग बाकीच्या सर्वांचा. तो थोड्याच वर्षांत बंद झाला. यांतील ‘अ’ आणि ‘ब’ या दोहोंमधला भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘ब’ वर्गाचा परवाना माणसाच्या गुणांना दिलेला होता. ‘अ’ वर्गाचा परवाना, नाव कामगाराचे असले तरी, वस्तुतः मालकाच्या गरजेला दिलेला होता.

आज ज्याला कुशल कामगार व्हिसा म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी या ‘अ’ वर्गाचाच वंशज आहे. ब्रिटनमध्ये या नावाचा व्हिसा १ डिसेंबर २०२० पासून सुरू झाला. त्यासाठी ७० गुण जमवावे लागतात, असे ऐकले की परीक्षेला बसलेल्या आपल्या मुलांना हायसे वाटते. कारण गुण मिळवणे ही गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. परंतु गुणपत्रिका नीट वाचावी. २० गुण सरकारमान्य मालकाने नोकरी देऊ केल्याबद्दल, २० गुण ती नोकरी पुरेशा कौशल्याची असल्याबद्दल, २० गुण सामान्यतः पगाराबद्दल, आणि केवळ १० गुण इंग्रजी भाषेबद्दल. म्हणजे ७० पैकी ६० गुण नोकरीचे, आणि उमेदवाराचे स्वतःचे असे १०! मालकाकडे त्या सरकारने दिलेला पुरस्कर्त्याचा परवाना असावा लागतो. त्याने प्रत्येक कामगारासाठी पुरस्काराचा दाखला काढावा लागतो. आणि त्या दाखल्याचा क्रमांक आल्यावाचून अर्जच करता येत नाही. पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा २०२० मध्ये वर्षाला २५,६०० पौंड होती. ती एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंड आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड झाली, आणि त्याच सुमारास पदवीच्या पातळीखालची बहुतेक कामे या यादीतून वगळण्यात आली. उमेदवार तोच, त्याचे कसब तेच; दाराची उंची तेवढी बदलली.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. येथेही अर्ज कामगार करीत नाही, मालक करतो. वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि अमेरिकी विद्यापीठातील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००, अशी मर्यादा आहे, आणि अर्ज त्याहून अधिक आले की सोडतीने निवड करण्याची पद्धत तेथे पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरील व्यक्तीसाठी केलेल्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरांचा आकार बसवला गेला. कायम वास्तव्याचा परवाना हवा असेल तर त्यासाठीही सामान्यतः मालकानेच अर्ज करावा लागतो. आणि एका देशात जन्मलेल्यांना एकूण परवान्यांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा सहसा मिळत नसल्याने भारतीयांची रांग दहा वर्षांहूनही लांब झालेली आहे. त्या रांगेत उभ्या असलेल्या आईबापांची मुले २१ वर्षांची झाली, की आश्रित म्हणून मिळालेला त्यांचा आसरा संपुष्टात येतो. ज्या देशात मूल वाढले, शिकले, त्याच देशात राहण्यासाठी त्याला नव्याने परवाना शोधावा लागतो.

मालकाच्या नावाच्या परवान्याचा अर्थ काय, हे नोकरी सुरळीत चालू असताना कळत नाही. ती सुटल्यावर कळते. अमेरिकेत अशा माणसास साधारणपणे ६० दिवस मिळतात. ब्रिटनमध्येही सरकारचे पत्र आल्यावर बहुधा तितकीच मुदत असते. या दोन महिन्यांत दुसरा मालक शोधावा, किंवा घर आवरून निघावे. मुलांची शाळा, घराचा करार, गाडीचे हप्ते यांना त्या साठ दिवसांची ओळख नसते. आणि ज्याला हे भय ठाऊक आहे, तो वरिष्ठापुढे किती ताठ उभा राहील? कमी पगार, अधिक तास, अपमानाचा शब्द या सर्व गोष्टी तो मुकाट्याने सोसतो. कारण त्याच्या मालकाच्या हाती केवळ नोकरी नसते, त्याच्या मुक्कामाची दोरीही असते.

हे चित्र मी भडक करून सांगत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांसाठी आपले दार उघडले. केरळातून, पंजाबातून, महाराष्ट्रातून आणि आफ्रिकेतील देशांतून हजारो लोक गेले. अनेकांनी मध्यस्थांना मोठ्या रकमा दिल्या. आणि तेथे पोहोचल्यावर काहींना कळले की मालकापाशी पुरेसे कामच नाही. ब्रिटिश सरकारनेच दिलेल्या माहितीप्रमाणे जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात शुश्रूषेच्या क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द करण्यात आले, आणि त्या मालकांशी जोडलेल्या कामगारांची संख्या ३९,००० हून अधिक होती. गुन्हा मालकाचा, परंतु परवानाही मालकाचाच असल्यामुळे तो रद्द होताच पायाखालची जमीन सरकली ती कामगाराच्या. मार्च २०२४ पासून या कामगारांना कुटुंब सोबत नेणे बंद झाले, आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून अशी नवी भरतीच थांबवण्यात आली.

अशा वेळी मराठी माणसाला नामदार गोखल्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८३४ पासून मॉरिशस आणि पुढे इतर वसाहतींत भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात येत. कोकणातूनही पुष्कळ मराठी माणसे मॉरिशसला गेली, आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. करार ठरावीक वर्षांचा, मालक ठरलेला, आणि त्याला सोडून जाणे हा फौजदारी गुन्हा. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही पद्धत समूळ बंद करावी असा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. तो त्या वेळी फेटाळला गेला. पण १९१७ मध्ये मजुरांची ही रवानगी थांबली. आजचा व्हिसा म्हणजे ते गिरमिट नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आजचा कामगार शिकलेला असतो, कायद्याने नोकरी सोडू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो आणि वाटेल तेव्हा विमानाने परत येऊ शकतो. दोहोंमध्ये एवढेच साम्य आहे की, परमुलखात उभे राहण्याचा आधार एकाच मालकाशी बांधलेला असतो. गोखल्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला होता, त्याचा हा सौम्य आणि सुशिक्षित अवशेष आहे.

सर्व देशांची रीत मात्र सारखी नाही. जर्मनीने १ मार्च २०२० पासून कुशल कामगारांसाठी नवा कायदा लागू केला. तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो शिक्षणाविषयी: तुमची पदवी किंवा तुमचे प्रशिक्षण आमच्याकडील शिक्षणाशी जुळते काय? आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम बहुधा एक किंवा दोन वर्षांचे असतात. जर्मनीत तोच व्यवसाय कारखान्यात व शाळेत मिळून साधारणपणे दोन ते साडेतीन वर्षे शिकवतात. त्यामुळे आपल्या जोडाऱ्याला किंवा वीजतंत्र्याला पुष्कळदा अर्धीच मान्यता मिळते, आणि उरलेले शिक्षण तेथे पुरे करावे लागते. १ जून २०२४ पासून जर्मनीने ‘संधीपत्र’ ही आणखी एक सोय केली. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे पुरेसे गुण आणि खर्चापुरते पैसे जवळ असले, तर नोकरी हाती नसतानाही एक वर्षापर्यंत तेथे राहून ती शोधता येते. १९६२ च्या ‘ब’ वर्गाच्या व्हाउचराचाच हा पुनर्जन्म म्हणावा लागेल. पदवीधरांना मिळणाऱ्या ब्लू कार्डाचा नियमही बोधप्रद आहे. प्राथमिक जर्मन येणाऱ्यास २७ महिन्यांच्या नोकरीनंतर कायम वास्तव्य मिळू शकते. आणि भाषेवर मध्यम पातळीचे प्रभुत्व असेल तर २१ महिन्यांनीच. भाषेच्या अभ्यासाने पराधीनतेचे सहा महिने कमी होतात, असा याचा सरळ अर्थ. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्ह्युर्टेंबर्ग या राज्याशी १०,००० कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, तेव्हा त्यातही जर्मन भाषेच्या शिक्षणाला महत्त्वाचे स्थान होते ते याचसाठी.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थांवर सरकारी नोंदणीचे बंधन घातले. त्याखालील नियमांनी कामगाराकडून घ्यावयाच्या मोबदल्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी ठरवली. आखाती राष्ट्रांसह अठरा देशांत जाणारा कामगार दहावी उत्तीर्ण नसेल, तर उत्प्रवासी संरक्षकाच्या कचेरीत त्याचा करार तपासून परवानगी देण्याची पद्धत या कायद्याने रूढ झाली. अशिक्षित माणूस फसू नये, हा यामागील उद्देश स्तुत्यच होय. परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू आपल्या सहसा ध्यानात येत नाही. जो दहावी झाला, पदवीधर झाला, इंजिनिअर झाला, त्याचा करार तपासणारा सरकारी डोळा बहुधा नसतोच. रियाधला जाणाऱ्या गवंड्याचा कागद कोणी तरी वाचतो. लंडनला जाणाऱ्या द्विपदवीधराचा कागद त्याने स्वतःच वाचावा, अशी अपेक्षा असते. आणि सुशिक्षित माणूस करार वाचण्यापेक्षा पेढे वाटण्याची घाई अधिक करतो, असा अनुभव आहे.

म्हणून ज्यांच्या घरी हा विषय निघाला असेल, त्यांनी पेढ्यांच्या आधी काही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. पहिला प्रश्न: मालक खरा आहे काय? ब्रिटनच्या सरकारमान्य मालकांची यादी आणि आपल्या नोंदणीकृत मध्यस्थांची यादी या दोन्ही सरकारने संगणकावर सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्या पाहण्यास एक पैसाही पडत नाही. दुसरा प्रश्न: पैसे कोण कोणाला देतो? ब्रिटनमध्ये पुरस्काराच्या दाखल्याचे शुल्क मालकाने स्वतः भरावयाचे असते. ते कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. दाखलाच विकत मिळेल असे जो सांगतो, त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नये. तिसरा प्रश्न: नोकरी सुटली तर किती दिवस, आणि मालक बदलण्याची रीत कोणती? चौथा प्रश्न: पतीला किंवा पत्नीला काम करण्याची मुभा आहे काय, आणि मुलांचा हक्क कितव्या वर्षापर्यंत? पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: उद्या परत यावे लागले, तर घेतलेले कर्ज येथील पगारात फिटेल काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर दोरीचे दुसरे टोक आपण स्वतःच सावकाराच्या हाती दिले, असे समजावे. परदेशी मालकाचा जाच माणूस ज्या कारणांनी सोसतो, त्यांतील सर्वांत मोठे कारण पुष्कळदा गावाकडे गहाण पडलेले घर हेच असते.

हे ऐकून कोणी म्हणेल की, हा गृहस्थ तरुणांना घरी बसण्याचा उपदेश करीत आहे. तसे मुळीच नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या नसत्या, तर आपल्या समाजाचेच नुकसान झाले असते. ज्या बंगळुराविषयी मी बोलतो आहे, तेथीलच एक उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज भागातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले. परत आल्यावर बंगळूरला वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये स्थापन केलेल्या विमानाच्या कारखान्यात, म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, त्यांनी काम केले. आणि त्यांच्या देखरेखीखाली आखणी झालेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ मध्ये आकाशात उडाले. घाटगे परदेशी राहिले त्याची मुदत केव्हाच संपली. तेथे जी विद्या त्यांनी आत्मसात केली तिला मुदत नव्हती.

परदेशच्या नोकरीचा विचार करणाऱ्या तरुणाने मनाशी एवढा भेद पक्का धरावा. व्हिसा मालकाच्या नावे असतो, आणि तो देणारे सरकार त्याची उंची, रुंदी, किंमत एका आदेशाने बदलू शकते. कसब मात्र आपल्या नावे असते. भाषा आपल्या नावे असते. कर्ज न काढता जमवलेली चार पैशांची शिल्लक आपल्या नावे असते. पहिल्यासाठी नवस बोलावा लागतो, दुसऱ्या गोष्टी कष्टाने साधतात. ज्याच्यापाशी या दुसऱ्या गोष्टी भरपूर आहेत, तो व्हिसा मिळाला तर ताठ मानेने जातो, नाही मिळाला तर ताठ मानेने राहतो, आणि मध्येच संपला तर ताठ मानेने परत येतो. आईबापांनीही मुलाला निरोप देताना व्हिसाच्या मुदतीबरोबरच या शिदोरीची चौकशी करावी. दाराची किल्ली परक्याच्या हाती असेना का. चालणारे पाय आपले असले म्हणजे पुष्कळ झाले.